चंद्रपूरची आत्या पुण्यात चार दिवस: जुनं शहर, गड आणि थोडं पाणी

वनाजकर

नमस्कार मंडळी. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात माझी मोठी आत्या चंद्रपूरहून येतेय. वय ७१. बरोबर तिचा नातू आहे, आठवीतला. आत्या पुण्यात याआधी एकदाच आली होती, माझ्या मुंजीला. तेव्हा तिनं पुणं पाहिलं ते कार्यालय ते घर एवढंच. या वेळी चार पूर्ण दिवस आहेत आणि मी रजा टाकली आहे.

आत्याला जुनं पुणं बघायचंय आणि "कुठं तरी पाण्याकाठी निवांत बसायचंय". तिचं घर चंद्रपुरात रामाळा तलावापासून जवळ. लहानपण त्याच जिल्ह्यातल्या एका खेड्यात गेलं, तिथं मालगुजारांच्या, म्हणजे जुन्या जमीनदारांच्या, काळातला तलाव होता. माजी मालगुजारी, म्हणून मामा तलाव म्हणतात त्यांना. आमचे आजोबा धानाला पाणी सोडायच्या पाळीवर जायचे आणि आत्या त्यांचा डबा घेऊन तलावाच्या पाळीवरून, म्हणजे बांधावरून, चालत जायची. हे ती दर भेटीत सांगते.

पोराला गड चढायचाय आणि बोटीत बसायचंय. शाळेत त्यानं प्रदूषणावर प्रकल्प केलाय, त्यामुळे फोनवर पहिला प्रश्न आला, "मामा, ती बोट डिझेलवर चालते का?" मला उत्तर देता आलं नाही.

ऑफिसात विचारलं तर सगळ्यांनी लोणावळा आणि महाबळेश्वर सांगितलं. म्हणजे आत्याचे दोन दिवस गाडीत जाणार. तिचे गुडघे सपाटीवर चांगले चालतात, दीड-दोन किलोमीटर सहज. पायऱ्या मात्र सावकाश. घराजवळ वनाज मेट्रो आहे, लहान गाडीही आहे, पण शहरात ती काढायची नाही असं ठरवलंय. आत्या पुन्हा कधी येईल सांगता येत नाही, म्हणून चार दिवस नीट जावेत अशी फार इच्छा आहे. तुम्ही काय कराल?

हौदाकाठची

तुमच्या आत्या पाळीवरून डबा घेऊन जायच्या हे वाचलं आणि हातातलं काम ठेवून लिहायला बसले.

मी शुक्रवार पेठेत वाढले, अजूनही इथंच राहते. माझे वडील महापालिकेच्या पाणीखात्यात होते, पेठांमधले व्हॉल्व्ह उघडायचं आणि बंद करायचं काम. रविवारी ते मला सायकलच्या दांडीवर बसवून पाण्याच्या जागा दाखवायचे. म्हणून माझा सल्ला एकच आहे: आत्यांना पुणं पाण्याच्या वाटेनं दाखवा. तलावाकाठी वाढलेल्या माणसाला हे शहर वाड्यांपेक्षा पाण्यातून लवकर कळेल.

सुरुवात कात्रजपासून करा. तिथलं तळं, ज्याला आता नानासाहेब पेशवे तलाव म्हणतात, ते अठराव्या शतकाच्या मध्यावर नानासाहेबांनी बांधून घेतलं. आंबील ओढा अडवला आणि तिथून जमिनीखालून बांधीव नळानं पाणी थेट पेठांत आणलं. पंप नाही, काही नाही, नुसत्या उतारावर. ते पाणी हौदांत पडायचं आणि लोक घागरी भरून न्यायचे. फडके हौद, बदामी हौद, काळा हौद, पंचहौद ही नावं रिक्षावाले आजही घेतात. सगळ्यांत कात्रजचं पाणी होतं असं नाही, पण हे शहर हौदांवर जगत होतं ते या नावांतून कळतं. वडील म्हणायचे, उतार चुकला असता तर शनिवारवाड्याचं कारंजं उडालंच नसतं. मुलाला हे आधी सांगा आणि मग वाड्यातलं हजारी कारंजं दाखवा. नाहीतर ते नुसतं दगडी कमळ वाटतं. तळ्याला लागूनच प्राणिसंग्रहालय आहे, मुलाला आवडेल, फक्त बुधवारी बंद असतं.

परतताना सारसबाग. आमच्या घरात त्या गणपतीला सारसबागेचा कुणी म्हणत नाही, तळ्यातला गणपती म्हणतात. बागेच्या जागी खरोखरच तळं होतं, त्याच आंबील ओढ्याच्या पाण्याचं, आणि मधल्या बेटावर सवाई माधवरावांच्या काळात, १७८४ मध्ये, गणपती बसवला. पर्वतीच्या १०३ पायऱ्या आत्यांना जमतीलच असं नाही. तुम्ही आणि मुलगा वर जाऊन या. त्यांना बागेत बाकावर बसू द्या, हिवाळ्यात सकाळी ऊन छान येतं तिथं.

पेठांसाठी एक दिवस पूर्ण ठेवा. वनाजहून सिव्हिल कोर्टला या, तिथं गाडी बदलून मंडईला उतरा. वनाजची गाडी डेक्कनच्या पुढे मुठेच्या काठानं जाते, नदी वरून दिसते. सिव्हिल कोर्टचं खालचं स्टेशन जमिनीखाली ३० मीटरहून खोल आहे, सरकते जिने लांब आहेत, आत्यांना लिफ्टनं न्या. मंडईची अष्टकोनी इमारत १८८६ ची. तिथं भाजीवाल्यांशी चार शब्द बोलू द्या त्यांना.

आणि मग रिक्षानं फुले वाड्यावर जा. हे मी आग्रहानं सांगते, कारण पाहुण्यांना घेऊन फिरणारे बहुतेक लोक शनिवारवाडा, दगडूशेठ, तुळशीबाग एवढंच करतात आणि हे सुटतं. १८६८ मध्ये जोतीराव फुल्यांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्य मानल्या गेलेल्या लोकांसाठी उघडा केला. कात्रजपासून पेठेपर्यंत पाणी आणणं ही मोठी गोष्ट होतीच. पण पाणी दारापाशी आलं तरी ते सगळ्यांना मिळत नव्हतं. ज्या शहरात माझे वडील पुढे प्रत्येक गल्लीचा व्हॉल्व्ह उघडत फिरले, त्याच शहरात शंभर वर्षं आधी कुणाला तरी घोटभर पाण्यासाठी उभं राहावं लागत होतं. वडील मला तिथं पहिल्यांदा घेऊन गेले तेव्हा चप्पल बाहेर काढून आत गेले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मी दहा वर्षांची असेन. अंगणात आड आहे. त्याच्याजवळ आत्यांना उभं करा आणि मुलाला गोष्ट सांगा. जवळच, दगडूशेठसमोर, भिडे वाडा होता, जिथं १८४८ मध्ये मुलींची शाळा सुरू झाली. आता ती जुनी इमारत पाडली आहे, पण जागा दाखवता येते.

शनिवारवाडा संध्याकाळी. १७३० ला पाया घातला, १८२८ च्या आगीत आतलं सगळं गेलं, तट आणि दिल्ली दरवाजा उरला. आत फार वेळ लागत नाही. तिथून सावकाश चालत ओंकारेश्वराला या, चिमाजी अप्पांची समाधी तिथंच आहे, आणि मुठेचं पात्र समोर. आई मला तिथं १२ जुलै १९६१ सांगायची. पानशेतचं अर्धवट बांधलेलं धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासला गेलं, आणि नदी पेठांत शिरली. आई तेव्हा ११ वर्षांची, शनिवार पेठेत. तिनं पाण्याआधी धावणारी माणसं पाहिली. त्यानंतर कित्येक दिवस त्यांच्या वाड्यानं आडाचं पाणी उपसून प्यायलं.

सिंहगडाला सुट्टीच्या दिवशी अजिबात जाऊ नका. तुम्ही आणि मुलगा आतकरवाडीहून चढा, सवय नसेल तर दीड-दोन तास धरा. आत्यांना घरातल्या कुणाबरोबर घाटरस्त्यानं वर पाठवा आणि पुणे दरवाज्यापाशी भेटा. गडावर तानाजी मालुसऱ्यांची समाधी आहे. ४ फेब्रुवारी १६७० ची ती रात्र मुलाला शाळेत शिकवलेली असणारच, कडा प्रत्यक्ष पाहिला की त्याला काय ते कळेल. पण देवटाक्यापाशी थांबायला विसरू नका. डोंगराच्या माथ्यावर, खडकात, बारमाही गार पाणी. पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही खा. बाटल्या, पिशव्या खाली परत आणा. वरून खडकवासल्याचं पाणी दिसतं, आपल्या नळाला येतं तेच.

राहिली बोट. त्यासाठी उजनी धरणाच्या पाण्याकाठचं भिगवण. सोलापूर रस्त्यानं सुमारे १०० किलोमीटर, पहाटे साडेचारला निघा. मुळा-मुठा पुढे भीमेला मिळते आणि भीमा उजनीच्या जलाशयात जाते, तेव्हा सिंहगडाच्या उत्तर उतारावर पडलेलं पाणी शेवटी तिथंच पोचतं. आपण नदीत सोडलेली घाणही तिथंच पोचते, हेही मुलाला सांगा, त्याच्या प्रकल्पाला ते हवंच. हिवाळ्यात तिथं रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, उतरतात.

एक गोष्ट मात्र माझ्या मनाला लागून राहिली आहे. सहा वर्षांपूर्वी मी गेले तेव्हा होडीत आणखी एक कुटुंब होतं. त्यांना थवा उडतानाचा फोटो हवा होता. नावाड्याला वरचे पैसे देऊ केले आणि त्यानं इंजिन चालू ठेवून होडी सरळ पक्ष्यांत घातली. दीडशे-दोनशे रोहित पाण्यावर धावत सुटले आणि उठले. पंखांखालचा लाल-काळा रंग एकदम उघडला. होडीत टाळ्या वाजल्या. मी गप्प बसून राहिले. बोलायला हवं होतं. चोच उलटी करून चिखलातून दाणा-दाणा गाळणारा पक्षी, त्याचं खाणं आपण मोडलं, आणि दिवसभरात अशा किती होड्या जात असतील. तुम्ही चढण्याआधीच नावाड्याला सांगा: लांबूनच बघायचंय, इंजिन बंद कर.

येरवडेकर

वरच्या ताईंचं सगळं पटलं, पण आगाखान पॅलेस गाळू नका. ऑगस्ट १९४२ पासून मे १९४४ पर्यंत गांधीजी तिथं कैदेत होते. महादेवभाई देसाई आल्यानंतर सहाव्या दिवशी गेले, आणि कस्तुरबा २२ फेब्रुवारी १९४४ ला. दोघांच्या समाध्या मागच्या बाजूला झाडांत आहेत. माझी आजी दर २२ फेब्रुवारीला तिथं फुलं घेऊन जायची, आता मी जातो. जागा सपाट, पायऱ्या कमी, सावली भरपूर, म्हणजे तुमच्या आत्यांना त्रास नाही. रामवाडीच्या मेट्रोनं कल्याणीनगरला उतरा, पुढं रिक्षा. कात्रजचा दिवस दुपारी मोकळा होतो, त्यात बसेल. पर्वती सोडली तरी चालेल.

उजनीकाठ

दादा, मी भिगवणजवळच्या कुंभारगाव भागातला. आमच्या घरात चुलतभाऊ होडी चालवतो, मी मासे धरतो.

ताईंनी लिहिलंय ते खरं आहे. वाईट वाटलं वाचून, पण खोटं नाही. आता आमच्यातली पुष्कळ पोरं पक्षी ओळखायला शिकलीत आणि थवा दिसला की लांबच इंजिन बंद करत्यात. पुढं पाणी उथळ असतंय, बांबूनं रेटत जायचं. पाण्याचा आवाजसुद्धा येत नाही. भाच्याला सांगा, इंजिन हायेच, पण पक्ष्यांजवळ आम्ही हातानंच नेतो. गिऱ्हाइकानं आधी सांगितलं की नावाड्यालाही जोर येतो. जवळ न्या म्हणून हट्ट गिऱ्हाईकच करतंय, आणि नाही म्हटलं तर ते दुसऱ्या होडीत बसतंय.

जानेवारीचा शेवट बरा आहे. धरण भरलेलं असलं की डिसेंबरात रोहित कमी दिसत्यात, कारण त्यांना उथळ चिखल लागतो. पाणी मागं हटलं की येत्यात. २६ जानेवारी आणि रविवार टाळा. भडक, पांढरे कपडे नकोत, मातकट घाला. आजींना होडीत चढताना मी स्वतः हात देतो, मधल्या फळीवर बसवा, तिथं हलत नाही. रोहित नाही दिसले तरी चित्रबलाक, चमचे, शेकाट्या, नदीसुरय असत्यातच. आणि पट्टकदंब बघा. तो पक्षी हिमालय ओलांडून येतो, मान खाली घालून शेतातलं हरभऱ्याचं रान खातो, आम्ही काय बोलत नाही त्याला.

एक सांगायचं राहिलं. आजींना पळसदेवचं सांगा. धरणात आमच्या भागातली गावं गेली. जुन्या पळसदेवचं पळसनाथाचं देऊळ पाण्यात आहे, उन्हाळ्यात पाणी उतरलं की वर येतं. माझा आजा त्या वेळी घर सोडून वर आला. देऊळ उघडं पडलं की अजून म्हातारी माणसं जाऊन नारळ फोडत्यात. आम्ही ज्या पाण्यावर जगतो त्याच्याखाली आमचं गाव आहे.

जेवायला चिलापी. तळलेली आणि कालवण, ज्वारीच्या भाकरीबरोबर.

वैक्कमवारी

भाच्याच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर माझ्याकडे आहे. कामानिमित्त मी दोन वर्षं केरळात होतो. वैक्कम ते तवणक्कडवू या जलमार्गावर जानेवारी २०१७ पासून "आदित्य" नावाची सौरबोट चालते. ७५ माणसं बसतात, छपरावर सौरपट्ट्या, वेंबनाड तलाव पंधरा-वीस मिनिटांत पार. ही सहलीची बोट नाही, लोक तिनं कामाला जातात, म्हणून मला ती जास्त आवडली. पहिल्यांदा बसलो तेव्हा सुटली हेच कळलं नाही, कारण इंजिनाची धडधड नाही आणि डिझेलचा वासही नाही. शेजारची बाई टोपलीतली कोथिंबीर निवडत होती आणि देठ मोडल्याचा आवाज ऐकू येत होता. कोचीत एप्रिल २०२३ पासून बॅटरीवर चालणारी वॉटर मेट्रोही आहे. मुलाला पुढच्या सुट्टीत घेऊन जा, पुण्याहून थेट रेल्वे मिळते.

वनाजकर

मंडळी, आत्या परवा परत गेली. जसं झालं तसं लिहितो.

कात्रजला तळ्याच्या बांधावर ती बराच वेळ उभी होती. मग विचारलं, "याचं पाणी सोडायचं तोंड कुठं हाय गा?" मला माहीत नव्हतं. मी नळाचं सांगितलं, उताराचं सांगितलं. ती म्हणाली, "उतार धरणारा माणूस मोठा. आमच्याकडे कोहळी लोक धरत. बाबा म्हणायचे, कोहळ्याला पाणी आधी दिसते, मग खोदतो." हे मी घरात कधीच ऐकलं नव्हतं. पोरानं ते तिथंच वहीत उतरवून घेतलं.

शनिवारवाड्यात हजारी कारंज्यापाशी तो मोबाइलवर कात्रजपासूनचं अंतर आणि उंची काढत बसला, आम्हाला वीस मिनिटं थांबवलं. थांबलो.

फुले वाड्यात मी ताईंनी सांगितलेली गोष्ट सांगितली. आत्या आडाच्या कठड्याला हात लावून उभी राहिली. मग तिनं सांगितलं की त्यांच्या गावच्या तलावालाही दोन घाट होते आणि तिची एक मैत्रीण दुसऱ्या घाटावर पाणी भरायची. दोघी एकाच शाळेत, एकाच बाकावर. पाण्यापाशी मात्र वेगळ्या. "मी तेव्हा काही विचारलं नाही," एवढंच म्हणाली. परतीच्या रिक्षात गप्प होती. रात्री जेवताना तिनं त्या मैत्रिणीचं नाव सांगितलं आणि चंद्रपूरला गेल्यावर तिच्या मुलाला शोधायचं ठरवलं.

आगाखान पॅलेसला गेलो. येरवडेकर, तुमच्या आजीचं सांगितलं, आत्यानं बाहेरून फुलं घेतली.

सिंहगडावर आम्हाला चढायला दोन तास पाच मिनिटं लागली, शेवटची वीस मिनिटं पोरगा पुढं आणि मी मागं. देवटाक्याचं पाणी आत्यानं ओंजळीत घेऊन तोंडावर मारलं. दही तिनं दोन मडकी खाल्लं.

भिगवणला मंगळवारी गेलो, उजनीकाठ दादांनीच सोय केली आणि सांगितल्याप्रमाणे हात देऊन आत्याला फळीवर बसवलं. धुकं होतं. थव्यापासून लांब इंजिन बंद झालं आणि त्यांच्या चुलतभावानं बांबू हातात घेतला. चाळीसेक रोहित असतील, सगळे माना खाली घालून. आम्ही अर्धा तास तिथं होतो, एकही उडाला नाही. पोराकडे त्यामुळे उडत्या पक्ष्याचा एकही फोटो नाही, पण बांबू पाण्यात घालून खोली मोजायला मिळाली, कमरेपेक्षा कमी भरली. चिलापी आत्याला आवडली. त्यांच्याकडच्या तलावातले मासे जास्त गोड असं तिचं मत, आणि दादांनी ते मान्य केलं नाही. दोघांचा बराच वेळ वाद झाला.

पळसदेवचं ऐकल्यावर तिला ते देऊळ बघायचंय. उन्हाळ्यात पाणी उतरलं की फोन करा दादा, मी तिला आणतो.

हौदाकाठची ताई, आत्यानं तुमच्यासाठी निरोप लिहायला सांगितलाय: पोळ्याला आमच्या गावी या, तलाव भरलेला असतो, पाळीवरून मी स्वतः फिरवते.

हौदाकाठची

आत्यांना माझा नमस्कार सांगा. येते. वडिलांची पाण्याच्या नकाशांची वही घेऊन येईन, त्यात कात्रजच्या नळाची त्यांनी हातानं काढलेली रेघ आहे, मुलाला दाखवायची आहे. पुण्याहून चंद्रपूरला जायला कुठली गाडी बरी?